सोमाजीच्या वाट्याचं अंदमान

वीस वर्षं उलटून गेली, पण ही गोष्ट माझ्या तोंडातून कधी बाहेर पडली नाही. बायकोसमोर नाही, भावासमोर नाही. नमाजानंतर दुआ मागताना दोन-चारदा वर काढली होती — पण तीही अर्धीच, आणि लगेच पुढच्या मागणीवर गेलो. आज तुम्ही समोर आहात, तुमचा-माझा काही व्यवहार नाही, म्हणून सांगून टाकतो.

आधीच सांगतो, ही रडकी गोष्ट नाही. उलट माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे पाच दिवस हिच्यात आहेत. अडचण तीच तर आहे. पाप केलं की माणूस सुकतो, झोप उडते, अन्न गोड लागत नाही — असं म्हणतात ना? माझं वजन त्या साली तीन किलो वाढलं.

मी रशीद. चंद्रपूरचा, परकोटाच्या आतला. वडील बाजाराच्या गावांना फिरून बायकांच्या हातात बांगड्या भरायचे. मी बी.कॉम. झालो आणि जटपुरा गेटजवळ एका पंपसेटच्या कंपनीच्या डेपोत हिशोब बघायला लागलो. डेपो म्हणजे पुढे ऑफिस, मागे गोदाम, सगळीकडे डिझेलचा वास आणि सहा माणसं. या सहांत इन्कम टॅक्स कळणारा मी एकटा. वासरांत लंगडी गाय शहाणी — दुसरं काय? पण ही गाय फार मान खायची. मार्च आला की विम्याच्या पावत्या घेऊन सगळे माझ्या टेबलाशी रांग लावायचे. आमचे मॅनेजर देशकर साहेबसुद्धा स्वतःच्या हातानं चहा आणून समोर ठेवायचे आणि म्हणायचे, रशीदभाऊ, जरा बघा ना काही वाचतं का. मी चष्मा वर करायचो, खाली करायचो, आणि वाचवून द्यायचो. लोक म्हणायचे, रशीदभाऊंनी सांगितलं म्हणजे झालं. हे वाक्य लक्षात असू द्या, कारण मी पुढे जे केलं ते याच वाक्याच्या जोरावर केलं.

त्या सहांतला एक सोमाजी मडावी. भामरागडच्या अलीकडच्या एका गावचा. दहावी शिकलेला, अंगानं काटक, बोलायला कमी. मुलचेऱ्यापासून भामरागडपर्यंतचा सगळा भाग त्याच्याकडे होता. पावसाळ्यात त्याच्या गावचा रस्ता बंद पडायचा, तेव्हा हा मुलचेऱ्याच्या बाजूला निर्वासित म्हणून तिथं वसवलेल्या एका बंगाली शेतकऱ्याच्या ओसरीवर मुक्काम ठोकायचा आणि तिथूनच धंदा करायचा. धंद्याची त्याची रीत काय होती सांगू? बाकीचे सेल्समन शेतकऱ्याला कागद दाखवायचे, इतके लिटर पाणी, इतकं डिझेल. सोमाजी काहीच बोलायचा नाही. बैलबंडीत पंप टाकून नाल्यावर न्यायचा, पाइप धानाच्या बांधीत सोडायचा, मशीन सुरू करायचा आणि झाडाखाली बसून राहायचा. तासभर, दोन तास. बांधी भरत आली की उठून मशीन बंद करायचा. शेतकरी हमखास म्हणायचा, "बंद काऊन केलं?" सोमाजी म्हणायचा, "माया पंप हाये, मी घेऊन जाऊन राह्यलो." झाला सौदा. तो मला सांगायचा, "भाऊ, चालू केल्यानं पंप विकत नाई, बंद केल्यानं विकते." मी त्याच्यावर हसायचो. मनातून मात्र जळायचो, हेही आजच सांगतो.

२००२ सालची गोष्ट. होळीपासून दसऱ्यापर्यंत कंपनीनं डेपोच्या माणसांसाठी एक स्पर्धा काढली. सेल्समनला पंप विकले की गुण, मला डीलरकडून उधारी वसूल केली की गुण. पहिलं बक्षीस — अंदमान. जोडीनं. बल्लारशावरून चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढे विमान, समुद्राकाठी पाच दिवस, खाणंपिणं सगळं कंपनीचं. दुसरं बक्षीस चाकांची मोठी सूटकेस. तिसरं भिंतीवरचं घड्याळ.

आता मुमताजबद्दल सांगायला हवं. मुमताज माझी बायको. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मी तिला नागपूरच्या पुढे कुठंही नेलं नव्हतं, नागपूरलाही दवाखान्यासाठीच. ती कधी कुरकुरली नाही. पण गच्चीवर कपडे वाळत घालताना आकाशातून विमान गेलं, की ते दिसेनासं होईपर्यंत तिच्या हातातलं ओलं कापड तसंच ठिबकत राहायचं. मी ते पाहिलं होतं. म्हणून स्पर्धेचा कागद आला त्याच संध्याकाळी मी घरी जाऊन छाती फुगवून सांगितलं — समज, अंदमान आपलंच आहे. एवढी वसुली कोण करणार माझ्यासारखी? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसला प्रकार. तिनं शेजारच्या सहा घरी सांगून टाकलं.

आणि मी जीव तोडला, हं. खोटं सांगत नाही. मूल, सिंदेवाही, आरमोरी — डीलरच्या दुकानात जाऊन बसायचो आणि चेक घेतल्याशिवाय हलायचो नाही. पण त्या साली जुलैभर पावसानं दडी मारली. धानाचे परे, म्हणजे रोपं, पिवळी पडायला लागली आणि नाल्याकाठचा प्रत्येक माणूस पंप शोधायला लागला. सोमाजीची बैलबंडी थांबेना. दिवाळीच्या तोंडावर निकाल आला. पहिला सोमाजी मडावी. दुसरा मी. अंतर फक्त चार पंपांच्या गुणांचं.

मी त्याला मिठी मारली. ती मिठी खरी होती का? अर्धी होती, असं धरून चालू.

नंतर आठ दिवसांनी हेड ऑफिसचं पत्र आलं. इंग्रजीत, दोन पानांचं. त्यात सहीचा एक कागद होता. मतलब असा, की सहलीची किंमत सुमारे चाळीस हजार, ती तुमच्या वर्षाच्या पगारात मिळवली जाईल आणि नियमाप्रमाणे जो टॅक्स होईल तो पगारातून हप्त्यानं कापला जाईल. मान्य असेल तर सही करा, नसेल तर बक्षीस यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. यादीतला पुढचा माणूस कोण, हे तुम्हाला सांगायला नको.

इथं जरा थांबतो. कारण इथवर मी नुसता हरलेला माणूस होतो, आणि हरणं काही गुन्हा नाही.

तुम्हाला नियम सांगतो, कारण नियम कळल्याशिवाय माझी लबाडी कळायची नाही. नोकरीत मिळालेलं बक्षीस, मग ती सहल असो की फ्रिज, सरकार पगाराचाच भाग धरतं. किंमत पगारात मिळवायची आणि ज्याला जो दर पडतो तो लावायचा. ज्याचा पगार लहान, त्याचा टॅक्स लहान. पाच हजारांच्या आतल्या भेटवस्तूला तर काहीच नाही. लॉटरीचं मात्र वेगळं. लॉटरीतल्या बक्षिसाला सरसकट तीस टक्के, आणि वस्तू लागली असेल तर आधी टॅक्स भरा, मग वस्तू हातात. त्या वेळी चंद्रपुरात चौकाचौकात लॉटरीची टेबलं होती, त्यामुळे हा दुसरा नियम चहावाल्यालाही ऐकून माहीत होता. पहिला फक्त माझ्यासारख्याला माहीत.

सोमाजी मुलचेऱ्याहून पहाटेची एसटी धरून आला. दुपारची जेवणाची सुट्टी होती, सगळे घरी गेले होते. त्यानं कागद माझ्या टेबलावर ठेवला, तळहातानं नीट सपाट केला.

"रशीदभाऊ, साहेब म्हणे सही कर. पन तुमी पाह्यल्याशिवाय मी सही करत नाई."

मी चष्मा लावला. तो आपणहून बोलायला लागला — हा कमी बोलणारा माणूस. म्हणाला, "मैनाले सांगतलं. ते म्हणे, आपल्या नदीचं पानी शेवटी जिथी जाते, थोच काय हा समुंदर? मी म्हटलं, थोच. तवापासून लुगडं निवडून राह्यली."

मैना म्हणजे त्याची बायको. आणि तिचं बरोबर होतं. भामरागडच्या नद्या इंद्रावतीला, इंद्रावती गोदावरीला, गोदावरी त्याच समुद्राला. मला शाळेत हे पाठ होतं. तिनं ते स्वतःच्या डोक्यानं काढलं होतं.

आणि मी काय विचार केला? सांगतो. माझ्या मनात आलं — गाढवाला गुळाची चव काय. हेच शब्द, जसेच्या तसे. ज्या माणसाच्या गावात माझ्या बापानं बांगड्या विकून दुपारची भाकर खाल्ली, ज्यांच्या घरात त्याला पाण्याआधी मूठभर भाजलेली मोहफुलं दिली जायची, त्या माणसाबद्दल. वर मीच चहाच्या टपरीवर ठेकेदारांना शिव्या घालायचो, की हे लोक जंगलातल्या माणसाला कागद दाखवून लुटतात. ठेकेदार निदान ठेकेदार तरी होते. मी कोण होतो?

मी म्हटलं, "सोमाजी, हे बक्षीस हाये. बक्षिसाले तीस टक्के टॅक्स लागते. लॉटरीले लागते तसा."

"तीस म्हंजे किती?"

"बारा. वरचा अधिभार धरून साडेबारा-तेरा हजार. आनि ते आधी भरा लागते, मंग तिकीट."

त्याचा महिन्याचा पगार साडेपाच हजार होता. मग त्यानं विचारलं, "पगारातून थोडे थोडे नाई कापत काय?"

कागदावर तेच लिहिलं होतं. नेमकं तेच. त्याच्या बोटाखालीच ती ओळ होती, इंग्रजीत. मी म्हटलं, "नाई."

आता तुम्ही म्हणाल, चूक होते माणसाची, दोन नियम आहेत, गल्लत झाली असेल. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच सांगत आलो. पण नाही. आदल्या दिवशी, पत्र आल्या आल्या, मी त्याचा हिशोब पेन्सिलनं करून पाहिला होता. त्याचा पगार, सहल, वजावट, प्रॉव्हिडंट फंड, विम्याचा हप्ता — सगळं धरून. त्याला पडत होते दोन हजारांच्या आत. तेही मार्चपर्यंत कापत कापत. मी ते खोडलं आणि वरून रबरानं घासलंसुद्धा. गल्लत करणारा माणूस खोडरबर वापरत नाही.

सोमाजीनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी घाईघाईनं म्हटलं, "दुसरं बक्षीस पाच हजाराच्या आतलं हाये. सूटकेस. त्याले टॅक्सच नाई, फुकट."

"मंग थेच द्या," तो म्हणाला. आणि हसला. खरंच हसला, सुटल्यासारखा. "बरं झालं बाप्पा, तुमाले दाखवलं. नाई तं मी फसलोच असतो." मी दाखवलं तिथं, 'अमान्य'वर, त्यानं सही केली. त्याची सही फार सुरेख होती. एकेक अक्षर मन लावून काढलेलं.

दुसऱ्या दिवशी देशकर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, मडावीनं नकार दिला, तुम्ही जाता का? मी खुर्चीचा हात धरून म्हटलं, "मी? अरे बाप रे." नाटकात काम करायला हवं होतं मी.

माझी सही मी तशाच कागदावर केली. त्याच नियमाखाली. माझा पगार जास्त, म्हणून मला टॅक्सही जास्त पडला. तो तीन महिने पगारातून कापला गेला आणि मी माझ्या फॉर्ममध्ये सहलीची किंमत रुपयापर्यंत बरोबर भरली. सरकारला मी एका दमडीनं फसवलं नाही. त्या वर्षीची माझी फाईल काढून बघा, आरशासारखी स्वच्छ आहे.

सोमाजीनं मात्र एकच विचारलं, "भाऊ, तुमी एवढे तेरा हजार कुठून आनले?" मी म्हटलं, मुमताजची भिशी लागली. तो म्हणाला, नशीबवान हो भाऊ. एका खोट्याला दुसरं लागतं, हे ठाऊक होतं. ते इतक्या पटकन सापडतं हे त्या दिवशी कळलं.

जानेवारीत आम्ही निघालो. आणि निघायच्या चार दिवस आधी सोमाजी डेपोत आला, हातात ती सूटकेस. प्लास्टिकचं आवरणही काढलं नव्हतं. म्हणाला, "तुमच्या घरी टीनाची पेटी हाये ना? भाभीले इमानात टीनाची पेटी घेऊन नेता काय? हे न्या. आमाले कुठी जायाचं हाये." मी नाही-नाही म्हटलं. खूप म्हटलं. पण घेतली. चाकं काय सुंदर पळायची तिची. बल्लारशाच्या फलाटावर मुमताज ती एकटीच ओढत होती, मला हात लावू देईना.

आता ते पाच दिवस. हे मी कसं सांगू तुम्हाला? पश्चात्तापानं माझे डोळे भरून येत होते, समुद्र बघताना सोमाजीचा चेहरा दिसत होता — असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण तसं काही झालं नाही. चेन्नईहून विमान सुटलं तेव्हा मुमताजनं माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस बोटांचे वळ होते. मग जरा वेळानं ती खिडकीला नाक लावून म्हणाली, "अजी देखो, बादल नीचे हैं." तिच्या आवाजात असं काही होतं, की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या साहेबांनी मागं वळून पाहिलं आणि तेही हसले. हवाईसुंदरीनं गोळ्यांचा ट्रे पुढे केला तर हिनं दोनच घेतल्या आणि संकोचानं मागं सरकली. त्या मुलीनं मूठभर तिच्या ओंजळीत टाकल्या. त्या गोळ्यांचे कागद आजही तिच्या डब्यात आहेत.

समुद्रात ती पहिल्या दिवशी घोट्यापर्यंत गेली, दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी सलवार-कमीज घालून बदकन बसलीच. लाट आली, ओढणी घेऊन गेली, आणि ती हसत सुटली. नऊ वर्षांत मी तिला तोंडावर हात न ठेवता हसताना पाहिलं नव्हतं. मी ओढणीमागं धावलो, पडलो, नाकातोंडात खारं पाणी गेलं, चप्पल वाहून गेली. बाजूला बंगाली कुटुंब होतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी आम्ही नारळपाणी पीत वाळूत बसलो आणि ती म्हणाली की आता मेले तरी चालेल. मी म्हटलं, मेलीस तर सूटकेस कोण ओढणार? त्यावर पुन्हा हसणं. मासे इतके खाल्ले की हॉटेलचा आचारी आम्हाला बघायला बाहेर आला. मला झोप अशी लागायची की सकाळी चहावाला दार वाजवून थकायचा.

सोमाजीची आठवण आली का? आली. सूटकेस उघडताना रोज यायची. मी ती बाजूला सारायचो आणि टॉवेल काढून घ्यायचो. हे इतकं सोपं होतं, की मला आजही त्याचंच नवल वाटतं.

परत आल्यावर मुमताजनं हट्ट धरला, की सूटकेस आपण स्वतः नेऊन द्यायची. फेब्रुवारीत रस्ता चालू होता. आलापल्लीपर्यंत एसटी, पुढे दुसरी एसटी, मग सोमाजी बैलबंडी घेऊन थांबलेला. मुमताजनं मैनाबाईसाठी हिरव्या काचेच्या बांगड्या आणि शंख आणले होते. अंगण शेणानं सारवलेलं, चुलीवर कोंबडी शिजत होती. माझ्यासाठी ती त्या भागातल्या एकुलत्या मुसलमान मास्तरांकडून मुद्दाम हलाल करून आणलेली — चार कोस सायकल हाणून. दोघी बायका अंगणात बसल्या आणि मुमताजनं समुद्र सांगितला. तासभर सांगितला, हातवारे करून, लाटेसारखी उठून बसून. मैनाबाई शंख कानाला लावून ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आमचं पानी तं इथून गोड जाते. तिथी जाऊन खारं काऊन होते?"

सगळे हसलो. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

मी तिथंच सांगू शकलो असतो, नाही? कोंबडी फार चविष्ट झाली होती. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

पुढे काय झालं, तर माझं नाव झालं. सोमाजी जिथं जाईल तिथं ही गोष्ट सांगायचा — रशीदभाऊनं मला तेरा हजारांच्या खड्ड्यातून कसं वाचवलं. डीलरला सांगितली, बंगाली शेतकऱ्यांना सांगितली, आलापल्लीच्या बसस्टँडवर अनोळखी लोकांना सांगितली. लोक लांबून कागद घेऊन माझ्याकडे यायला लागले. मी त्यांची कामं मन लावून, फुकट केली, आणि सगळ्यांना खरं सांगितलं. माझ्या प्रामाणिकपणाची ख्याती पसरली, आणि ती सगळी त्या एका खोट्यावर उभी होती. सोमाजी आजही ठणठणीत आहे. ईदच्या सकाळी न चुकता त्याचा फोन येतो. तरी मी म्हणत राहिलो, झालं गेलं, पाच दिवसांचीच तर सहल होती. पण खोट्या नियमाला सही लागत नाही, तो आपोआप पुढे चालू राहतो — हे मला चार वर्षांनी कळलं.

चार वर्षांनी कंपनीनं चंद्रपुरातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये मोठी सभा घेतली. हार, फोटो, स्टेजवर हेड ऑफिसचे साहेब. यंदा पहिलं बक्षीस मोटारसायकल. लाल रंगाची, हॉलच्या दाराशीच रिबीन लावून उभी केलेली. आणि नाव पुकारलं गेलं — सोमाजी मडावी. सगळा हॉल उठून उभा राहिला. हा माणूस तोवर एसटीनं आणि सायकलनं फिरत होता. एसटी जिथं सोडते तिथून त्याचं घर तीन कोस, पंपाचे सुटे भाग कॅरिअरला बांधून. मोटारसायकल त्याच्यासाठी शोभेची वस्तू नव्हती.

तो स्टेजवर गेला. साहेब किल्ली पुढे करत होते. सोमाजीनं हात जोडले आणि माईक मागून घेतला. आता चार शब्द बोलायला शिकला होता.

"साहेब, तुमचे उपकार हायेत. पन मी मोटरसायकल घेत नाई. बक्षिसाले तीस टक्के लागते, आधी भरा लागते, मले माहीत हाये. मले आमच्या रशीदभाऊनं शिकवलं हाये. पाच हजाराच्या आतलं काई असन तं द्या."

तोवर सरकारनं करमाफ उत्पन्नाची मर्यादा वाढवून एक लाखावर नेली होती. त्याला हजार रुपयेही पडले नसते. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. उठून एक वाक्य बोलायचं होतं: सोमाजी, किल्ली घे, मी सांगतो टॅक्सचं. एवढंच. अंदमानचं काही कळलंही नसतं. नियम बदलला म्हटलं असतं तरी खपलं असतं. मी ते बोलताना स्वतःला मनात ऐकलंसुद्धा. मग मला वाटलं — कुणी विचारलं तर, नियम कधी बदलला? हेड ऑफिसचे साहेब समोरच आहेत. ते म्हणाले तर, असा नियम कधी नव्हताच? आणि मी बसून राहिलो.

साहेब म्हणाले, असा विचारी माणूस आम्हाला अभिमानाचा आहे. कुकर आणि सहा ताटांचा सेट आणवला. मोटारसायकल दुसऱ्या नंबरच्या मुलाला गेली, त्यानं ती हॉलच्या आवारात गोल फिरवून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

सोमाजी कुकरचं खोकं घेऊन खाली आला आणि नेमका माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. खोकं मांडीवर. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "बराबर केलं ना, भाऊ?"

मी म्हटलं, "बराबर केलं."

मग जेवणं सुरू झाली. आम्ही दोघं एकाच टेबलावर बसलो. जेवणात गुलाबजाम होते. मी चार खाल्ले.